बाळदमा: ठिणगी, कारण आणि दोष

मागच्या व्याख्यानात आपण क्षयरोगाचा इतिहास पाहिला. आज छातीच्याच दुसऱ्या एका आजाराकडे वळायचं आहे. दमा, आणि तोही लहान मुलांचा. आपल्याकडे त्याला बाळदमा म्हणतात. तेवढाही शब्द जड वाटला तर "ॲलर्जिक ब्राँकायटिस आहे" असं सांगून वेळ मारून नेली जाते.

मूल रात्री उठून बसतं, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. दवाखान्यात वाफ देतात, तासाभरात बरं वाटतं. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न निघतो, "असं झालं कशामुळे?" हा प्रश्न बहुतेक वेळा आईकडे बघून विचारलेला असतो. काय दिलंस खायला? गार पाणी पाजलंस का? गरोदरपणात काय खाल्लं होतंस? आज मला या प्रश्नाचाच इतिहास सांगायचा आहे. हा प्रश्न अडीच हजार वर्षं विचारला जातोय, त्याची उत्तरं प्रत्येक काळात बदलली, आणि त्या उत्तरांचे परिणाम मुलांना आणि आयांना भोगावे लागले.

एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी करून ठेवू, नाहीतर पुढे गोंधळ होईल. "दमा कशामुळे" या एका प्रश्नात दोन प्रश्न लपलेले आहेत. आज रात्री अटॅक का आला, हा एक. आणि या मुलाला मुळात दमा का जडला, शेजारच्याला का नाही, हा दुसरा. कडब्याची गंजी पेटली तर काडी कोणी टाकली हे आपण विचारतो. पण ओल्या गंजीवर तीच काडी पडली असती तर विझली असती. काडी म्हणजे ट्रिगर, ठिणगी म्हणा. गंजी वाळली कशी, हे खरं कारण. दम्याच्या इतिहासात माणसाला ठिणग्या फार लवकर ओळखता आल्या. कारण मात्र कित्येक शतकं हुकत राहिलं.

जुन्या वैद्यांना काय दिसलं होतं

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास या रोगांवर एक पूर्ण अध्याय आहे. श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला तमकश्वास आपल्या दम्याशी बराच जुळतो. रुग्णाला आडवं झालं की त्रास वाढतो, उठून बसलं की बरं वाटतं, गरम हवंसं वाटतं. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेकडून येणारा वारा यांनी तो वाढतो. आणि श्वासरोगाच्या हेतूंमध्ये काय आहे? धूळ, धूर, वारा, थंड जागा, थंड पाणी, अतिश्रम. आज बालरोगतज्ज्ञ पालकांना जो कागद देतात, त्यातल्या निम्म्या गोष्टी इथे आहेत.

आता जरा पश्चिमेला चला. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये मायमोनिडीस नावाचा मोठा ज्यू वैद्य आणि तत्त्वज्ञ होता. त्याने एका उमराव रुग्णासाठी दम्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्या रुग्णाचा त्रास सर्दीपासून सुरू व्हायचा, विशेषतः पावसाळी दिवसांत. मायमोनिडीसने शहरातल्या कोंदट, घाण हवेबद्दल लिहिलं, आणि अलेक्झांड्रियाच्या दमट हवेपेक्षा कैरोची कोरडी हवा बरी असं सांगितलं. सर्दी, दमट हवा, शहराची हवा. या तिन्ही गोष्टी लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

तिसरा प्रसंग १५५२ चा. स्कॉटलंडचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्याने बेजार झाले होते. त्यांनी मिलानहून जेरोलामो कार्दानो या नामांकित वैद्याला बोलावलं. कार्दानो एवढा प्रवास करून एडिंबरोला गेला, काही आठवडे रुग्णाकडे नुसतं बघत राहिला, आणि मग अनेक सूचना दिल्या. त्यातली एक अशी की पिसांची गादी आणि पिसांच्या उशा काढून टाका. आर्चबिशप सुधारले. पिसांमुळे नेमकं काय होतं हे कार्दानोला माहीत नव्हतं. पण ठिणगी त्याने बरोबर हेरली.

१६९८ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्रज डॉक्टरने दम्यावर पुस्तक लिहिलं. तो स्वतः दम्याचा रोगी. धूर, धूळ, हवापालट यांची त्यानेही नोंद केली. म्हणजे निरीक्षणात कुठेच खोट नव्हती. अडचण पुढे आहे.

"नसांचा आजार"

एकोणिसाव्या शतकात शवविच्छेदनाचं शास्त्र पुढे गेलं. क्षयाच्या फुप्फुसात गाठी दिसायच्या, न्यूमोनियात पू दिसायचा. दम्याच्या रोग्याच्या फुप्फुसात तसं ठळक काही सापडेना. अटॅक येतो, जातो, मधल्या काळात माणूस ठणठणीत. मग निष्कर्ष काढला गेला की हा मज्जातंतूंचा, नसांचा आजार असणार.

या काळातलं सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक हेन्री हाइड सॉल्टरचं, १८६० सालचं. सॉल्टरलाही लहानपणापासून दमा होता. त्याचं निरीक्षण किती बारीक होतं बघा. मांजर जवळ आलं की अटॅक येतो हे त्याने लिहिलं. लहानपणी डांग्या खोकला, गोवर किंवा छातीचा आजार होऊन गेल्यावर दमा सुरू झाल्याची उदाहरणं दिली. श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आकसतात हेही सांगितलं. आणि उपाय म्हणून कडक काळी कॉफी सुचवली. त्यात तथ्य होतं, कारण कॅफिनने श्वासनलिका थोड्या सैल होतात. पण मूळ कारण म्हणून त्यानेही बोट नसांकडेच दाखवलं. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लरचं जगभर वाचलं गेलेलं पाठ्यपुस्तक आलं. त्यात सूक्ष्म श्वासनलिकांच्या सुजेचा उल्लेख आहे, पण दम्याची गणना मज्जातंतूंच्या विकारांतच आहे.

याचा मुलांवर काय परिणाम झाला? थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचा जन्म १८५८ चा. लहानपणी त्यांना जबरदस्त दमा होता. त्यांचे वडील रात्री त्यांना उचलून घेऊन घरात येरझाऱ्या घालायचे, घोडागाडी जुंपून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरवायचे. आणि उपचार म्हणून त्या लहान मुलाला कडक कॉफी आणि सिगार दिली जायची. हो, सिगार. नसा शिथिल करायच्या ना!

धुराचा आणखी एक उपाय आपल्याकडून तिकडे गेला. भारतात धोतऱ्याचा धूर दम्यावर घेत असत. १८०२ च्या सुमाराला मद्रासमधल्या इंग्रज मंडळींकडून ही पद्धत ब्रिटनमध्ये पोचली, आणि त्यातून दम्याच्या सिगारेटी निघाल्या, त्या विसाव्या शतकापर्यंत विकल्या जात होत्या. धोतऱ्यातल्या द्रव्याने श्वासनलिका खरंच सैल होतात. पण ज्या मुलाला धुराने त्रास होतो त्याला धुरातूनच औषध द्यायचं, असा तो उलटा प्रकार होता. शिवाय धोतरा विषारी.

धूळ, पण धुळीतलं काय?

१९०६ मध्ये व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने एक नवा शब्द बनवला, ॲलर्जी. लहान मुलांना लशी आणि सीरम देताना त्याला दिसलं की काही मुलांचं शरीर त्याच पदार्थाला दुसऱ्या वेळी वेगळाच प्रतिसाद देतं. हा बदललेला प्रतिसाद म्हणजे ॲलर्जी. आज आपण हा शब्द शेजाऱ्यालाही लावतो, पण त्याचा जन्म लहान मुलांच्या वॉर्डातला आहे.

मग त्वचेवर चाचण्या सुरू झाल्या. १९२० च्या दशकात दिसलं की कितीतरी दमेकऱ्यांना घरातल्या धुळीची ॲलर्जी आहे. रस्त्यावरच्या धुळीची नाही, घरातल्या. का? हे कोडं चाळीसेक वर्षं राहिलं. उत्तर मिळालं १९६४ मध्ये, नेदरलँड्सच्या लायडेन शहरात. फोरहॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या धुळीत एक सूक्ष्म कीटकासारखा प्राणी आहे, धुळीतला माइट. मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश. तो चावत नाही. आपल्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, गादी-उशीत राहतो, त्याला ओलसर हवा लागते. त्याच्या विष्ठेचे कण श्वासातून आत जातात. कार्दानोने काढायला लावलेली गादी आणि मायमोनिडीसला नकोशी वाटलेली दमट हवा, दोन्ही एका धाग्यात आल्या.

म्हणजे १९६४ पर्यंत सगळं मार्गी लागलं असं वाटेल. पण याच काळात एक दुसरीच गोष्ट चालू होती, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

डेन्व्हर: आईपासून तोडलेली मुलं

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर आपल्याला मागच्या व्याख्यानातून ओळखीचं आहे. उंचावरची कोरडी हवा, म्हणून क्षयरोगी तिथे जात. १९०७ मध्ये तिथे क्षयरोग्यांच्या मुलांसाठी एक ज्यू आधारगृह निघालं. क्षय कमी होत गेला तसं ते दम्याच्या मुलांचं केंद्र बनलं.

त्या काळात मनोविश्लेषणाचा जोर होता. शिकागोचे फ्रांझ अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमाराला सिद्धान्त मांडला की दम्याची घरघर म्हणजे मुलाने आईसाठी दाबून धरलेलं रडणं. आई मुलाला फार जपते, किंवा मनातून नाकारते, आणि मूल ते श्वासातून व्यक्त करतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी सापडली ती आईच. जास्त जपलं तरी दोष, कमी जपलं तरी दोष.

न्यूयॉर्कचे मरे पेश्किन हे बालकांच्या ॲलर्जीचे मोठे तज्ज्ञ. त्यांच्या लक्षात आलं होतं की औषधांनी न सुधारणारी काही मुलं घरापासून दूर ठेवली की सुधारतात. निरीक्षण खरं होतं. त्यांनी त्याला शब्द दिला "पॅरेंटेक्टॉमी". अपेंडिक्स काढतात तसे आईवडील काढून टाकायचे. डेन्व्हरच्या त्या केंद्रात देशभरातून मुलं पाठवली गेली. मुक्काम साधारण दीड-दोन वर्षांचा. पालकांच्या भेटीवर कडक बंधनं. सहा-सात वर्षांच्या मुलाला दोन वर्षं आईपासून दूर ठेवायचं, आणि आईला सांगायचं की ते तुझ्यापासून दूर आहे म्हणूनच बरं आहे. त्या आयांनी ही गोष्ट आयुष्यभर कशी वागवली असेल, विचार करा.

मुलं सुधारत होती, हे नाकारता येत नाही. पण कशामुळे? डेन्व्हर उंचावर आहे, हवा अतिशय कोरडी. अशा हवेत धुळीतले माइट फारसे जगत नाहीत. मूल घर सोडून येतं तेव्हा आईला सोडतंच, पण त्याबरोबर जुनी गादी, घरातलं मांजर, वडिलांची सिगारेट, ओल आलेली भिंत हेही सगळं सोडतं. आणि केंद्रात औषधं वेळेवर मिळतात. एकाच वेळी दहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिलं, किंवा दोष एकीलाच दिला.

आता इतिहासातला योगायोग बघा. याच केंद्राच्या संशोधन विभागात किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य काम करत होतं. रक्तातला कोणता घटक ॲलर्जी घडवतो, हे ते शोधत होते. तो रक्तात इतक्या कमी प्रमाणात असतो की मोजायला साधन नव्हतं. त्यांनी स्वतःच्याच अंगावर टोचून चाचण्या केल्या. १९६६ मध्ये त्यांनी तो घटक जाहीर केला. स्वीडनमधल्या उप्साला इथे योहान्सन आणि बेनिच यांनाही तोच पदार्थ स्वतंत्रपणे सापडला. १९६८ मध्ये त्याला नाव मिळालं आयजीई. आज रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपण जो आकडा बघतो, तो हाच. ज्या आवारात मुलांना आईपासून तोडत होते, त्याच आवारात आईला निर्दोष ठरवणारा मोठा पुरावा सापडला.

तिथल्याच पर्सेल आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एक प्रामाणिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उलट केलं. २५ मुलांना त्यांच्या घरीच ठेवलं आणि घरच्या मंडळींना दोन आठवडे हॉटेलात पाठवलं. गादी तीच, मांजर तेच, फक्त आईवडील नाहीत. ज्या १३ मुलांच्या बाबतीत भावनांचा दम्याशी संबंध असावा असा अंदाज आधी केला होता, ती सुधारली. उरलेल्या १२ मुलांत म्हणावा असा फरक पडला नाही. याचा अर्थ नीट घेऊ या. रडणं, भीती, ताण, इतकंच काय, खूप हसणंसुद्धा काही मुलांत अटॅक आणतं. ती ठिणगी आहे, खरी आहे. पण आईमुळे गंजी वाळली, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ठिणगीला कारण समजलं की असं होतं.

मग दमा वाढला का?

१९७०-८० नंतर श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांना एक नवी गोष्ट छळायला लागली. मुलांमधला दमा आणि ॲलर्जी वाढत होती. घरं स्वच्छ, धुराडी गेलेली, लसीकरण चांगलं, तरी वाढत होती.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश संशोधकाने मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची माहिती तपासली. त्याला दिसलं की ज्यांना मोठी भावंडं जास्त, त्यांना परागकणांची सर्दी आणि एक्झिमा कमी. भावंडांकडून लहानपणी जंतू मिळतात, म्हणून असेल का, असा त्याने अंदाज केला.

मग बर्लिनची भिंत पडली. एरिका फॉन म्यूटियस या जर्मन बालरोगतज्ज्ञांना वाटलं, चला, आता पूर्व आणि पश्चिम जर्मनीची तुलना करता येईल. लोक एकच, हवा वेगळी. पूर्वेकडे कोळशाचा धूर, गंधकाची हवा, तिथे दमा जास्त असणार. आकडे आले ते उलटे. पूर्वेच्या लाइपझिग-हाले भागात ब्राँकायटिस जास्त होता, पण दमा आणि ॲलर्जी म्युनिकपेक्षा कमी. नंतर बव्हेरियातल्या आणि आल्प्समधल्या शेतकरी कुटुंबांचे अभ्यास झाले. गोठ्यात वावरणाऱ्या मुलांना दमा कमी.

यातला सगळ्यात बोलका अभ्यास २०१६ चा, अमेरिकेतल्या दोन शेतकरी पंथांचा. आमिश आणि हटराइट. दोघांची मुळं मध्य युरोपातली, खाणंपिणं सारखं, कुटुंबं मोठी, दोन्हीकडे घरात सिगारेट नाही. आमिश मुलांत दमा ५.२ टक्के, हटराइट मुलांत २१.३ टक्के. फरक कशात? आमिश लोक घोड्यांच्या जुन्या पद्धतीने शेती करतात, गोठा घराला लागून, मुलं त्यात खेळतात. हटराइट लोकांची शेती यंत्रांची, आणि जनावरं वस्तीपासून लांब. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश कितीतरी पटींनी जास्त होते, आणि ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांनाही संरक्षण मिळालं.

आता यावरून कोणी "घाण चांगली असते, मुलांना उकिरड्यावर खेळू द्या" असा धडा घेऊ नका. सांडपाणी म्हणजे गोठा नव्हे, आणि गटारातल्या जंतूंनी जुलाब होतात, दमा जात नाही. इथे फक्त एवढं दिसतं की पहिल्या काही वर्षांत शरीराची संरक्षणयंत्रणा शिकत असते, आणि ती कोणत्या जंतूंच्या सहवासात शिकते याला महत्त्व आहे. त्यात आनुवंशिकता आहेच. २००७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावरचा एक भाग बाळदम्याशी जोडला गेला. पण जनुकं एका पिढीत बदलत नाहीत. म्हणून दमा झपाट्याने वाढला त्याचं उत्तर परिसरातच शोधावं लागतं.

प्रत्येक घरघर दमा नसते

अमेरिकेतलं तूसॉन हे वाळवंटी शहर. कोरड्या हवेसाठी छातीचे रोगी तिथे राहायला जात. तिथे १९८० पासून हजारावर नवजात बाळांचा पाठपुरावा केला गेला. १९९५ मध्ये फर्नांडो मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी सहाव्या वर्षापर्यंतचं चित्र मांडलं. साधारण निम्म्या मुलांची छाती कधी ना कधी वाजली होती. पण जवळजवळ २० टक्के मुलांत ती पहिल्या तीन वर्षांत वाजली आणि सहाव्या वर्षी थांबली होती. जवळजवळ १४ टक्क्यांत ती सुरूच राहिली. १५ टक्क्यांत उशिरा सुरू झाली.

याचा आईबापांसाठी अर्थ मोठा आहे. लहान बाळाची श्वासनलिका मुळातच अरुंद. साध्या सर्दीच्या विषाणूनेही ती सुजते आणि छाती वाजते. मूल मोठं होतं, नळी मोठी होते, आवाज थांबतो. ज्यांचं पुढे चालू राहतं त्यांच्यात आईला दमा, अंगावर एक्झिमा, ॲलर्जी अशा खुणा जास्त दिसतात. आणि हो, जी मुलं पुढे सुधारली त्यांच्यात गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या आयांचं प्रमाण जास्त होतं. त्या बाळांची श्वासयंत्रणा जन्मतःच थोडी कमी क्षमतेची होती.

मुलांच्या अटॅकची सगळ्यात मोठी ठिणगी म्हणजे सर्दीचे विषाणू. कॅनडात दरवर्षी सप्टेंबरमध्ये, शाळा उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, दम्याच्या मुलांची रुग्णालयात गर्दी उसळते. आपल्याकडे शाळा आणि पाऊस जूनमध्ये हातात हात घालून येतात. विषाणू, ओल, बुरशी, गार वारा, सगळं एकदम. हैदराबादला दम्यासाठी जिवंत माशाबरोबर औषध गिळायला मृगाच्याच दिवशी हजारो लोक जमतात. त्या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही. पण दम्याचा मोसम कधी सुरू होतो हे लोकांना पक्कं ठाऊक आहे, एवढं त्या तिथीवरून कळतं.

हवा, आणि एका आईने मागितलेलं उत्तर

शेवटचा प्रसंग लंडनचा. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी. लुइशम भागात, साउथ सर्क्युलर या वाहत्या रस्त्याजवळ घर. तीन वर्षांत पंचवीसहून जास्त वेळा तिला दम्यासाठी रुग्णालयात न्यावं लागलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गेली. पहिल्या चौकशीत मृत्यूचं कारण श्वसन बंद पडणं असं लिहिलं गेलं. तिची आई रोझामंड थांबली नाही. तज्ज्ञांनी तिच्या अटॅकच्या तारखा आणि हवेतल्या प्रदूषणाच्या नोंदी शेजारी ठेवल्या. चौकशी पुन्हा झाली, आणि १६ डिसेंबर २०२० रोजी कॉरोनरने निकाल दिला की हवेच्या प्रदूषणाचा या मृत्यूला हातभार होता. ब्रिटनमध्ये असं प्रथमच नोंदलं गेलं. निकालात आणखी एक गोष्ट होती. प्रदूषणाचा धोका आईला कोणी सांगितलाच नव्हता. सांगितला असता तर तिने काही पावलं उचलली असती.

डेन्व्हरच्या आयांना सांगितलं होतं की दोष तुमचा. या आईने कित्येक दशकांनी विचारलं की हवेचा दोष कोणाच्या खात्यावर?

इथे पूर्व जर्मनीची आठवण येऊन कोणी विचारेल, मग प्रदूषणाने दमा होत नाही ना? हवा-हवेत फरक आहे. तिथला त्रास मुख्यतः कोळशाच्या गंधकाचा. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण हे नुसती ठिणगी नाहीत, ते नव्याने दमा जडण्यालाही हातभार लावतात, याचा पुरावा गेल्या वीस-पंचवीस वर्षांत साचत गेला आहे.

आपल्या घरात

आपल्याकडे हे सगळं एकत्र भेटतं. खेड्यात चूल, शहरात वाहता रस्ता आणि सतत चालू असलेलं बांधकाम. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल. धूप, उदबत्ती, दिवाळीचे फटाके. चाळीतल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात पावसाळ्यात भिंतीला येणारी बुरशी. आणि घरातच बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष, ज्यांना "काय दिलंस खायला" हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दोषाच्या भीतीने आणखी एक नुकसान होतं. मुलीला दमा आहे हे लपवलं जातं, पुढे लग्नाचं काय म्हणून. "पंपाची सवय लागेल" म्हणून पंप टाळला जातो. पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून मात्रा कमी लागते. आजाराला नाव द्यायलाच घाबरलो तर उपचार अर्धवट राहतात, आणि अर्धवट उपचार झालेला दमा मुलांचा जीव घेऊ शकतो.

म्हणून इतिहासातून घ्यायचं ते एवढंच. ठिणग्या शोधा, त्या तुमच्या घरात सापडतील आणि बऱ्याचशा दूर करता येतील. कारणं मात्र जनुकांत, पहिल्या वर्षांतल्या जंतूंत आणि हवेत विखुरलेली आहेत. ती कोणा एका बाईच्या स्वयंपाकघरात नाहीत.

प्रश्नोत्तरं

*केळं आणि दही बंद करावं का?*

दही चरकाच्या यादीतही आहे, त्यामुळे ही समजूत फार जुनी आहे. पण ज्या मुलाला त्या पदार्थाची ॲलर्जी नाही, त्याला केळ्याने किंवा दह्याने दमा होत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी त्रास होत असेल तर नोंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. उगाच दहा पदार्थ बंद करून मुलाचं वजन घटवू नका.

*मोठेपणी दमा जातो का?*

पुष्कळ मुलांचा कमी होतो, काहींचा किशोरवयात पूर्ण शांत होतो. काहींना मोठेपणी पुन्हा डोकं वर काढतो. "आपोआप जाईल" म्हणून आज औषध थांबवणं मात्र धोक्याचं.

*घरात मांजर आहे, सोडून द्यावं का?*

मुलाला मांजराची ॲलर्जी आहे का, हे आधी चाचणीने बघा. असेल तर विचार करावा लागेल. नसेल तर मांजराला शिक्षा कशाला? त्याआधी घरातली सिगारेट आणि कॉइल बाहेर काढा.